रंजूला उपाशी न्यायचं आहे

१६ जाने. ७९, मंगळ.
तारीख आली एकदाची. १३ फेब्रु. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्याचं कार्ड हे स्वतःच घेऊन आले. नवरा पोस्टात असल्याचा एवढाच फायदा, आपलं टपाल दारावर थांबत नाही.
रंजूच्या टाळूला जन्मापासून फट. सहा पुरी झाली. दूध प्यायली की नाकातून येतं, बोलली की तेही नाकातूनच. मला सगळं कळतं, तिच्या बापाला अर्धं, बाकीच्यांना काहीच नाही. आज माझ्याच वर्गात दोघांनी तिची नक्कल केली. दोघांचेही कान पिळले. मास्तरीण म्हणून नाही, आई म्हणून. हेडमास्तरांना काय म्हणायचं ते म्हणोत.
फट शिवता येते म्हणतात. पण पूर्ण भूल द्यावी लागेल. सगळं मान्य आहे, त्या 'पूर्ण'पाशी अडते.

१९ जाने., शुक्र.
भांडण. हे म्हणतात, "तिले काई सांगू नको. सर्कस पाह्यले चाललो म्हणू." मी म्हटलं, आणि तिथं वाघाऐवजी सुई निघाली की? जन्मभर आपल्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही पोरगी. "तूच सांग मंग," म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले. भांडणात हरले की यांना नेहमी पान खायचं असतं.
सासूबाईंचं (यापुढे सा.बा., हात दुखतो लिहून) वेगळंच. "गिऱ्हानात भाजी चिरली तुनं. म्या सांगतलं होतं." सहा वर्षं तीच टेप. चिरली होती, हो. घरात दहा माणसं जेवायला होती, ग्रहणानं येऊन रांधलं असतं काय?

२१ जाने., रवि.
सांगितलं. अंगणात संत्र्याच्या फोडी सोलता सोलता. तुझ्या तोंडात वर एक फट आहे, डॉक्टर ती शिवणार. शिवताना दुखू नये म्हणून गाढ झोपवणार.
फोड चोखून बी थुंकली. मग विचारलं, "अन् उठवन कोन?"
मी म्हटलं, भुलीच्या बाई. ज्या झोपवतात त्याच उठवतात, त्यांचं तेवढंच काम असतं. ठामपणे बोलले. मला कुठं माहीत होतं. आत जाऊन पदरात तोंड घालून रडले आणि वरणाला फोडणी दिली.

२४ जाने., बुध.
रजा टाकून वर्ध्याला. रक्त, लघवी, छाती, सगळं तपासलं. भुलीच्या बाई खरंच भेटल्या! तिशीच्या असतील, केस आखूड, बोलणं तडकफडक. मला आवडल्या. रंजूला काळा रबरी मुखवटा हातात दिला, बघ म्हणाल्या, वास घे. रंजूनं घेतला आणि थू करून नाक मुरडलं. बाई हसल्या, "असाच येणार. घाणेरडा. खोटं कशाला सांगू?"
मग मला कागदावर लिहून दिलं. रात्री दहानंतर काही नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. कारण विचारलं. भूल चढताना उलटी झाली तर पोटातलं छातीत उतरतं, लेकरू गुदमरतं. "जिवावर बेततं बाई. आया ऐकत नाहीत. लेकरू रडतं, मग बिस्कीट देतात."
मी नाही देणार, म्हटलं. शिक्षिका आहे मी.
हे शेवटचं वाक्य उगाच बोलले असं येताना एस.टी.त वाटलं.

२८ जाने., रवि.
सराव सुरू. चहाची गाळणी, तिच्यावर रुमाल, रुमालावर पेट्रोमॅक्सच्या स्पिरिटचा एक थेंब. आधी बाहुली झोपली. मग हे झोपले, घोरण्यासकट. रंजू इतकी हसली की नाकातून संत्र्याचा रस. मग स्वतः झोपली. वीसपासून उलटं म्हणायचं ठरलंय. चौदापाशी अडते, तेरा येतच नाही. पहिलीच्या पोरीला मी उलटे आकडे शिकवतेय. शिक्षणाधिकारी आले तर बक्षीस देतील.

३ फेब्रु., शनि.
ऑपरेशननंतर तोंडात बोट घालू नये म्हणून कोपराला पुठ्ठे बांधतात म्हणे, हात वाकतच नाही. तोही सराव. जुन्या हजेरीपटाचे पुठ्ठे कापून बांधले. रंजू अंगणभर लाकडासारखे हात करून फिरली. शेजारचा मुलगा म्हणाला मला पण. आता गल्लीतल्या पाच पोरांचे हात वाकत नाहीत. त्यांच्या आया माझ्या नावानं बोटं मोडून राह्यल्या.

९ फेब्रु., शुक्र.
सा.बा.चीच धास्ती. आज म्हणाल्या, "पोट्टी उपाशी राहीन थे ठीक. पन चाय त चालते न? एकादशीले चालते."
एकादशी नाही ही! दोनदा समजावलं. वाटी उलटी करून दाखवलं पोटातलं वर कसं येतं. मान डोलावली त्यांनी. पण मला त्यांची मान माहीत आहे, होकाराला आणि नकाराला एकच. माझ्याच्यानं राहवलं नाही, यांना म्हटलं, तुमच्या आईला घरीच ठेवा. "नातीसाठी जीव तुटून राह्यला तिचा," हे म्हणाले. बरं. येऊ द्या. डोळ्यात तेल घालून बसेन.

१२ फेब्रु., सोम.
वर्ध्याला लागून पिपरीला, धाकटी नणंद शांता हिच्या घरी. भरती आजच व्हायची होती, पण खाट रिकामी नाही. सिस्टर म्हणाल्या सकाळी सहाला आणा, उपाशी.
दहाच्या आत वरण-भात पोटभर चारला. आता स्वयंपाकघराला कडी, माठावर पाट, पाटावर वरवंटा. सा.बा.च्या बटव्यातली बडीशेपसुद्धा काढून घेतली. "चोर समजतं का मले?" म्हणाल्या. म्हणू देत. रंजूचं मनगट माझ्या पदराला बांधून झोपते आहे.

१३ फेब्रु., मंगळ.
ऑपरेशन झालं नाही. माझ्यामुळं.
लिहायलाही लाज वाटते. पण लिहिते.
पहाटे रंजूनं पाणी मागितलं, दिलं नाही. रडली, तरी नाही. रिक्षा दाराशी आली. आम्ही उंबऱ्यात. शांता रीतीप्रमाणे दह्याची वाटी आणि साखर घेऊन आली. कोणी मोठ्या कामाला निघालं की दही-साखर हातावर द्यायची, कोणत्या घरात देत नाहीत? माझ्या आईनं मॅट्रिकच्या प्रत्येक पेपराला दिली. वाटी माझ्या हातात आली आणि माझ्या हातानं आपलं काम केलं. रंजूच्या तळव्यावर दही, वर साखर. "चाट, अन् शहाण्यासारखी राह्य." तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि चाटलं. आई देते म्हणजे बरोबरच असेल. आम्ही चार मोठी माणसं उभी होतो तिथं. एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.
रिक्षात तिच्या ओठाला पांढरं लागलेलं दिसलं. पुसायला पदर उचलला आणि हात तिथंच राहिला.
हे हळूच म्हणाले, "बोटभर त होतं. सांगू नको कोनाले. आता फिरलो त तारीख केव्हा भेटन?"
खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. दवाखान्याच्या फाटकापर्यंत तेच. चमचाभरही नाही. चार महिने वाट पाहिली. कोणाला कळणार आहे?
भुलीच्या बाईंनी मला विचारलंच नाही. सरळ रंजूला विचारलं, "काय गं, काही खाल्लंस?"
आणि रंजू माझ्या तोंडाकडं पाहायला लागली. डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं हे मीच पढवलेलं. आता ती विचारत होती, सांगू का?
सांगितलं मी. दही-साखर. मी दिली, माझ्या हातानं.
बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही शिक्षिका ना?" हो. "लिहून दिलं होतं ना?" हो. "मग?" मग काय. खाली बघून उभी राहिले, माझ्या वर्गातली पोरं राहतात तशी. आज होणार नाही म्हणाल्या. शुक्रवार भरलेला. पुढच्या मंगळवारी, आणि तोवर सर्दी झाली तर सरळ पुढच्या महिन्यात. आम्ही निघालो तर मागून आवाज आला, "अहो, थांबा. आजवर मी खाल्लं का, प्यायलं का एवढंच विचारत होते. आजपासून दही-साखरेचंही विचारीन."
शांताकडं परत आलो. कळल्यावर सा.बा.नी हात पुढं केला. काल काढून घेतलेली बडीशेप मागितली फक्त. दिली. मग म्हणाल्या, "म्या दिलं असतं त माह्या नावानं बोंब मारली असती तुनं."
मारलीच असती. गावभर.

१४ फेब्रु., बुध.
हे परत तळेगावला घरी, रजा संपली. आम्ही मंगळवारपर्यंत इथंच शांताकडं. जाताना म्हणाले, "मी बी उभा होतो न तेथीसा. माह्या बी डोळ्यापुढं चाटलं तिनं. एकटीच काऊन घेतं आपल्या डोक्यावर?" इतकी वर्षं संसार करून हा माणूस मधूनच असं काही बोलतो.
रंजूला सांगितलं, चूक माझी होती. "मंग तू वीसदा लिव्ह," म्हणाली. वर्गात मी हीच शिक्षा देते. दगडी पाटीवर वीसदा लिहिलं, ती मोजत बसली.

१८ फेब्रु., रवि.
सकाळी रंजूला तीन शिंका. सा.बा.नी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली, तासाला एकदा. मी अडवलं नाही, उलट तवा मीच धरला. दुपारी शांतानं मिरच्यांची फोडणी दिली तेव्हा आम्ही सगळ्याच शिंकलो. मग कळलं सकाळच्याही शिंका तिच्या ठेच्याच्याच. हसून हसून पुरेवाट. नाक कोरडं आहे. अजून.

२० फेब्रु., मंगळ. दवाखान्याच्या बाकावर बसून
आज शांता उंबऱ्यात रिकाम्या हातांनी उभी. काय करावं तिला सुचेना, तर तिनं रंजूच्या झग्याचं बटण उघडून परत लावलं. सा.बा. काहीच न देता नातीच्या डोक्यावर नुसता हात ठेवून राहिल्या. हे सकाळच्या पहिल्या गाडीनं आलेत, दाढी न करता.
बाईंनी विचारलं. रंजूनं या वेळी माझ्याकडं पाहिलं नाही. ठणकावून सांगितलं, "काईच नाई." सगळं नाकातून, पण बाईंना कळलं.
सिस्टरचं बोट धरून गेली. अंगात हिरवा झगा, पायात लोळणारा. वळून पाहील म्हणून मी हात वर करून ठेवला होता. वळली नाही. मोठ्यानं आकडे म्हणत गेली. दार लागलं तेव्हा सोळावर होती.
पावणेदहा. हे तिसऱ्यांदा पान खायला गेले.
दहा वीस. काही नाही.
अकरा. सा.बा.नी माझा हात धरलाय. धरू दे.
अकरा चाळीस. झालं! भुलीच्या बाई स्वतः बाहेर आल्या, टोपी हातात. "उठवलंय. रडतेय छान." लेकरू छान रडतंय ऐकून मी हसत होते, असं हे म्हणतात. शिवलेलं नीट बसलंय. बोलणं मात्र लगेच नाही, महिनोन्महिने शिकवावं लागेल, एकेक अक्षर. किती सुटेल ते आत्ता सांगत नाही, म्हणाल्या. नका सांगू. एकेक अक्षर शिकवण्याचीच तर भाकरी खाते मी.

२३ फेब्रु., शुक्र.
ताप नाही. नुसती पेज आणि साखरपाणी. सोमवारपर्यंत बोलायचं नाही, रडायचं नाही, हसायचंही जपून. कोपराला पुठ्ठे आहेतच. रंजू राणीसारखी बसलीय, डोळ्यांनी हुकूम सोडते.
एक गोष्ट लिहून ठेवते, कोणाला सांगण्यासारखी नाही. हिचं बोलणं आजवर मला एकटीलाच कळायचं. शेजारीण विचारायची, सा.बा. विचारायच्या, काय म्हणते वं? मी सांगायची. हे सगळ्यांना कळायला लागावं म्हणून तर एवढी धडपड. आणि आज पेज गार करताना मनात आलं, मग मला कोण विचारेल? काय बाई आहे मी! स्वतःचाच राग आला.
संध्याकाळी सिस्टर आल्या. "काय रंजू, दुखतं का गं?"
माझं तोंड उघडलं. नाही, रात्री थोडं दुखलं, आता बरं आहे, असं सगळं सांगायला निघालेच होते. तर पांघरुणाखालून माझ्या मांडीला पायाचा ठोसा बसला. चांगला जोरात. रंजूनं मला गप्प केलं, सिस्टरकडं नीट पाहिलं, आणि स्वतः मान हलवली.
मी गप्प बसले. जमेल सवयीनं.