मधली टाळी

२ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, आधीच कान पकडतो. सध्या आमच्या वाद्यवृंदाचा मुक्काम पोस्ट बस आहे. चाळीस माणसं, एक ट्रक आणि रोज नवं गाव. काल तुमच्या शेजारच्याच गावात होतो, शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये. डोक्यावर बास्केटबॉलची जाळी लोंबत होती आणि पंख्यानं बासरीवाल्या बाईंचे कागद दोनदा उडाले. पण लोक असे रंगले म्हणून सांगू! मी काही नुसती छडी हलवून गप्प बसणारा संचालक नाही, दोन रचनांच्या मधे वळून लोकांशी बोलतो. वाद्यवृंदाच्या अध्यक्षांना पूर्वी हे रुचत नसे. आता तेच म्हणतात, तिकिटं वाद्यांपेक्षा तुमच्या गप्पांवर खपतात. काल माझा नेहमीचा किस्सा सांगितला आणि मागच्या रांगेपर्यंत हशा पिकला. हल्ली तो ऐकल्याशिवाय लोक सोडतच नाहीत.

वीस तारखेला आपल्या गावात येतोय. बाबांसाठी आणि तुझ्यासाठी तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवल्यात. आज सकाळी बाबांना फोन केला, तर हातात रंधा आहे म्हणून ठेवून दिला. या वयात कसला रंधा? तूच जरा दटाव. उत्तर कार्यालयाच्या पत्त्यावर धाड.

पोरांना पापा. लोभ आहेच, आणखी वाढवलास तर नाही म्हणणार नाही.

तुझा
धाकटा

६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या रांगेपर्यंत हशा पिकला, हे मला तू कळवायला नको. मागच्या रांगेत आम्हीच होतो, बाबा आणि मी. तुला चकित करायचं ही टूम बाबांचीच. इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधी तयार होऊन बसले होते.

मग तू वळलास आणि त्या सुताराची गोष्ट सुरू केलीस. जन्मात असला कार्यक्रम न पाहिलेला एक सुतार, बसलाय पहिल्या रांगेत. चार भागांची रचना, टाळी अगदी शेवटीच वाजवायची; पहिला भाग संपतो, सगळे शहाण्यासारखे गप्प, आणि हा एकटाच उठून टाळ्या पिटतो, जणू फळीत खिळे ठोकतोय. एवढ्यावर भागलं नाही म्हणून तू त्या टाळ्या वाजवून दाखवल्यास, कोपरं बाहेर काढून. खरं सांगते, आधी मीही हसले. मग ती कोपरं ओळखली आणि शेजारी बघायची माझी हिंमत झाली नाही. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मध्यंतरात बाबा म्हणाले, कंबर धरली, निघू या. अरे, तुझ्या जिभेला काही हाड? ज्या लाकडी चौथऱ्यावर उभा राहून तू हे बोलतोस, तो त्यांनीच तुझ्या उंचीचा हिशोब करून केलाय. वीस तारखेला येणार नाही म्हणतात, गुडघा दुखतो. सकाळीच शिडीवर चढून त्यांनी माझं कपाट बसवलं. तेव्हा गुडघ्याचं काय ते तूच समज.

राग आहे म्हणून माया आटली असं मात्र मानू नकोस.

तुझी
ताई

९ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तालमीच्या सुट्टीत वाचलं आणि नंतर चारदा चुकीच्या जागी हाताचा इशारा दिला. वादक एकमेकांकडे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

एक विनंती आहे, रागावू नकोस. मी नाव कुठे घेतलं होतं? सुतार काय जगात एकच आहे? बाबांना तू एवढंच सांग की तो किस्सा दुसऱ्याच कुणा माणसाचा आहे. तू सांगितलंस तर पटेल त्यांना. ते वीस तारखेला आले नाहीत, तर मला त्या चौथऱ्यावर पाय ठेवता येणार नाही.

तुझ्याच पदराआड लपणारा
धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

नाही सांगणार. लहानपणी तुझ्या फुटलेल्या पाट्या मी माझ्या नावावर घेतल्या, ते वय गेलं. बाबांना तू लिही, आणि खरं लिही.

पाठीशी आहेच, पण पुढे तूच हो.

ताई

१४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तो सुतार तुम्हीच. नऊ वर्षांपूर्वीचा माझा पहिला कार्यक्रम. तुम्ही टाळी वाजवलीत आणि मी भर सभेत वळून ओठांवर बोट ठेवलं, तेही आपल्या वडिलांना.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. मध्यंतरात अध्यक्षांनी विचारलं, तो टाळीवाला कोण, तुमच्या ओळखीचा आहे का? मी म्हणालो, नाही, असेल कुणी कामकरी. कार्यक्रम संपल्यावर तुम्ही मागच्या दारापाशी माझी वाट बघत होतात आणि मी पुढच्या दारानं अध्यक्षांच्या गाडीत बसलो. ती लाज झाकायला पहिल्यांदा हा किस्सा सांगितला. लोक हसले. मग सवयच लागली, आणि हसता हसता मलाही ती परक्याची गोष्ट वाटायला लागली.

गेल्या दोन कार्यक्रमांत सांगितला नाही. काल लोक मागून ओरडले, तो सुतार सांगा. मी पाठ फिरवून छडी उचलली. खरं सांगायची छाती तिथेही झाली नाही. क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागतो. वीस तारखेला या. नाही आलात तरी तक्रार करायचा मला हक्क नाही.

आपला
धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

ताईनं कागद-पेन पुढ्यात ठेवून दार लावून घेतलंय, म्हणून लिहितो. मला लिहायची सवय नाही. किस्सा चांगला सांगतोस. मी कोपरं तशी काढतो हे मला ठाऊक नव्हतं.

पण त्यात एक चूक आहे. मधे टाळी वाजवायची नसते हे मला माहीत होतं. सुरू व्हायच्या आधीच शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं. तू हात खाली केलास आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कुणी हूं की चूं करेना. तू पाठमोरा होतास. मान घामानं भिजली होती. मला वाटलं, असेल नियम, पण चांगलं झालं हे पोराला कळणार कसं? म्हणून वाजवली.

अध्यक्षांना तू काय म्हणालास ते मला खरंच माहीत नव्हतं. ते आता तुझ्या पत्रातून कळलं. त्या दिवशी मी दारापाशी थांबलो, तुला उशीर झाला असेल असं वाटून घरी गेलो. बाकी विशेष नाही. गुडघा बरा आहे.

वीस तारखेला येतो. काळजी करू नकोस, हात मांडीखाली घालून बसेन.

बाबा