टाइल पोकळ आहे

३ नोव्हेंबर, सोमवार
अमेय आला होता. राहुलचा मित्र, म्हणून चहा केला. नाहीतर सकाळी सकाळी टपकणाऱ्याला मी दार उघडत नाही. गॅरेजमधली लिफ्ट तो न्यायला तयार आहे. त्याच्या वर्कशॉपला कामाला येईल म्हणे. गाडी उचलायचं ते धूड, चार खांब आणि वर दोन लोखंडी फळ्या. राहुलची हौस. दिवसभर कंप्युटर, सुट्टीला जीपच्या खाली.

जीप जूनमध्येच विकली. राहुल एप्रिलमध्ये गेला. तापाचं निमित्त.

गॅरेज प्रज्ञाला हवंय. फिजिओथेरपीचं क्लिनिक घरातच काढीन म्हणते. सुनेवर आता माझा काय हक्क? तिचे आईवडील नागपूरला बोलावतातच आहेत. क्लिनिक झालं तर ती राहील. नाही झालं तर या घरात मी आणि फ्रिजचा आवाज.

तेव्हा लिफ्ट जाऊ दे म्हटलं. फक्त फरशीला काही होता कामा नये.

५ नोव्हेंबर, बुधवार
लिफ्ट हलवणारा ढमाले येऊन बघून गेला. घाटाखालच्या गावचा. "खाली पाइप टाकतो, ढकलतो, झालं."

पाइपाने टाइल तडकेल, म्हटलं.

"काका, ग्यारेजला टाइला लावल्या कुनी?"

मुलाने.

"मग त्यास्नीच इचारा की, आत कशी आनली व्हती ती."

प्र. पाणी घेऊन आली होती. पेला ठेवला आणि आत गेली. राहुल गेल्याचं ढमालेला नंतर अमेयने सांगितलं असावं. फोन आला, "काका, चुकलं माजं. पाइप नगं. चाकं लावून नेऊ." बिचाऱ्याचं काय चुकलं?

७ नोव्हेंबर, शुक्रवार
कोणाला सांगणार नाही, ते इथे लिहितो.

मागच्या वर्षीच्या दिवाळीत राहुलने जीप लिफ्टवर चढवून तिच्या पोटाला काळा रंग फवारला. गंज धरू नये म्हणून. रंगाचा बारीक तुषार पांढऱ्या टाइल्सवर सगळीकडे बसला. तो उभा होता तेवढी जागा सुटली. काळपट फरशीवर दोन पांढरी पावलं, स्लिपरच्या आकाराची. उजवं जरा बाहेर वळलेलं. शाळेच्या रांगेतही तो तसाच उभा राहायचा.

त्या दिवशी तो काळे पाय आणि काळ्या स्लिपर घेऊन थेट घरात आला होता. प्र. ओरडली, "आधी त्या फेकून दे!" त्याने फेकल्या नाहीत. अजून चपलांच्या मांडणीत खाली आहेत.

सकाळी पेपर आणायला जातो, तेव्हा आधी गॅरेजमध्ये जाऊन त्या पावलांत उभा राहतो. माझे पाय आत मावून वर जागा उरते. मग पेपर आणतो.

राहुलच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भन्तेजी म्हणाले, सगळं अनित्य आहे. पटतं. लोकांच्या घरी दुःखाला जाऊन मीही हेच सांगत आलोय. पण फरशीवरचं तेवढं राहू दे.

८ नोव्हेंबर, शनिवार
प्र. म्हणाली, "बाबा, लिफ्ट गेली की फरशी घासून घेते. पेशंटना असली काळी फरशी कशी दाखवायची?"

मधली टाइल पोकळ आहे, म्हटलं. तिथे घासू नकोस, फुटेल.

"बरं."

आयुष्य बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेलं, त्यामुळे पोकळ टाइल वगैरे माझ्या तोंडी शोभतं. टीव्हीचा जुना खोका त्या जागेवर उपडा घातला. वर वीट ठेवली.

११ नोव्हेंबर, मंगळवार
लिफ्ट गेली.

वरच्या फळ्या सोडवून आधी बाहेर नेल्या. खाली प्लायवूड, त्यावर प्र.च्या व्यायामाच्या नव्याकोऱ्या निळ्या मॅट्स. तिनेच आणून घातल्या. एकेक खांब जॅकने उचलायचा, रबरी चाकांवर घ्यायचा, सावकाश ढकलायचा. शेवटचा खांब कलला तेव्हा ती ढमालेच्या माणसांबरोबर स्वतः खांदा लावून उभी राहिली. मी ओरडलो, ऐकेल तर शपथ.

मी खोक्यापाशी उभा. "काका, बाजूला व्हा की." नाही झालो. शेवटी मला वळसा घालून खांब नेले.

ढमाले वाकून फरशी बघत म्हणाला, "बगा, वरखडा सुदिक न्हाय. पर काका, फरशीला एवढं जपनारा मानूस पयल्यांदा बगितला."

प्र. हसली. "ढमाले, आमचे बाबा पाचवा खांब आहेत. ते नाही हलायचे." एप्रिलपासून तिला हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं. वाटलं, आता राहील ही.

संध्याकाळी खोका उचलून पाहिलं. पावलं आहेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
क्लिनिकच्या ट्यूबलाइट आणायला बुधवार पेठेत गेलो. मीच म्हटलं होतं, मी आणतो. येताना दगडूशेठपाशी बस अडकली, उशीर झाला.

फाटकातच थिनरचा वास. गॅरेज लख्ख. खोका घडी घालून भिंतीला टेकवलेला, शेजारी वीट.

प्र.चे हात कोपरापर्यंत लाल. "झाली बघा नव्यासारखी."

"छान," म्हटलं आणि वर आलो. ट्यूबा जिन्यातच राहिल्या.

दार लावून रडलो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रेडिओ लावला. त्यावर शेतीचा कार्यक्रम चालू होता.

१५ नोव्हेंबर
काही नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
टाइल कोणती ते कळतं. तिच्यावर कुठे, ते कळत नाही. इकडे सरकून उभा राहतो, तिकडे सरकून. उगाच.

प्र.शी बोलणं होत नाही. जेवायला बोलावते, पोट बरं नाही सांगतो. तिला काय ठाऊक, असं मनाला समजावतो. ठाऊक नसलेल्या माणसावर रागावता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार
ती ओट्यापाशी गवार निवडत होती, पाठ माझ्याकडे.

"टाइल पोकळ नव्हती, बाबा."

मी पेपर खाली ठेवला.

"वाजवून पाहिली मी. आणि जिन्याच्या खिडकीतून तुम्ही रोज दिसायचात."

म्हणजे माहीत असून पुसलंस? ओरडलोच. या घरात इतक्या मोठ्याने मी राहुलवरही ओरडलो नसेन.

ती वळली. "मग काय करू? पेशंटना त्याच्यावरून चालवू? खोक्याला वळसा घालून चालवू? तुम्ही सकाळी घटकाभर उभे राहता आणि पेपर आणायला जाता. मला दिवसभर तिथे काम करायचंय. मला नसतं जमलं, बाबा."

विचारायचंस तरी.

"तुम्ही नाही म्हणाला असतात. मग मला नागपूरच होतं."

ती परत गवारीकडे वळली. मग म्हणाली, "पावलांना हात नाही लावला मी. सगळं बाजूबाजूचंच पुसत गेले. शेवटी टाचेजवळ थोडंसं राहिलं होतं. ते पुसलं आणि कुठे काही उरलंच नाही."

गवार तशीच टाकून आत गेली. तिचं खरं आहे. माझंही खरं आहे. दोघांचं खरं असून काही उपयोग नाही. राग आहे अजून. तिच्यासाठी जीव तुटतो, तोही त्याच वेळी.

उरलेली गवार मी निवडली.

२३ नोव्हेंबर, रविवार
क्लिनिक उद्या सुरू व्हायचं होतं. प्र. काल रात्रीच्या गाडीने नागपूरला गेली. "आठ दिवस आईकडे जाऊन येते, बाबा." ये म्हटलं. स्टेशनपर्यंत येतो म्हटलं, तर नको म्हणाली. फाटकापाशी वाकून पाया पडली. कधी पडत नाही, आमच्यात तो प्रघातही नाही.

आज इलेक्ट्रिशियन बोलावून गॅरेजात ट्यूबा लावून घेतल्या. चांगला उजेड पडतो. ढमाले म्हणाला ते खरं, कुठे वरखडा नाही. तिच्या निळ्या मॅट्स गुंडाळून कोपऱ्यात उभ्या आहेत. ऊन दाखवलं, परत ठेवल्या.

दुपारी चपलांची मांडणी झाडायला घेतली. खालच्या कप्प्यात राहुलच्या त्या रंगाने काळ्या झालेल्या स्लिपर असतात. आज नाहीत. घरभर शोधल्या, कचऱ्याचा डबाही पाहिला. तिनेच नेल्या.

आठ दिवसांसाठी जाणारं माणूस असलं काही बरोबर नेतं का?

संध्याकाळी फोन आला. पोचले म्हणाली, थंडी आहे म्हणाली. जेवलात का, विचारलं. हो म्हटलं. ट्यूबा लावल्याचं सांगितलं. स्लिपरचं विचारणार होतो, नाही विचारलं.