गरब्याआधीची गोळी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी तुझ्यावर अजून जळते. मेलेल्या माणसावर कोणी जळतं का, असं लोक म्हणतील, म्हणू देत. हे सगळं तुझ्या गुडघ्यांवरून सुरू झालं, आणि ती गोष्ट मी कोणाला धड सांगितलेली नाही, म्हणून आज तुलाच सांगते.

प्लेगच्या साली आपण जीव मुठीत धरून गावी पळालो आणि तुझा गरबा हुकला. बाकीच्यांना यंत्रमागावरची मजुरी बुडाल्याचं दुःख, तुला गरबा बुडाल्याचं. पुढच्या वर्षी तू श्रावणापासूनच दिवस मोजायला लागलीस. पण गुडघे कुठे ऐकतात? गुजराती मुलखातल्या डिंडोलीच्या त्या खोलीत सकाळपासून मांडी घालून तू साड्यांवर टिकल्या चिकटवायचीस. उठताना एक हात भिंतीला, तोंडात "वं माय वं". आप्पा म्हणायचे, "आपण खान्देशी माणसं, आपल्या कानबाई देवीपुढे नाचतो तेवढं पुरे." तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "मंग तुम्ही नका नाचा." विषय संपला.

एक दिवस मी शाळेतून येते न येते तोच तू मला डॉक्टरकडे घेऊन निघालीस. तुला गुजराती समजायचं, बोलायचं म्हटलं की जीभ अडखळायची. डॉक्टरने विचारलं, "क्यां दुखे छे, बेन?" तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "सांग तेले, आते दुखत नही. नवरातमा दुखी. तेन्ही गोळी आतेच दे." मी सांगितलं. बाकावरच्या बाया खुदकन हसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर वैतागला. दुखल्यावर या, म्हणाला. अजून न झालेल्या दुखण्याचं औषध मागणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय, आणि गुडघ्यांची ही तऱ्हा असताना नाचायचंच कशाला? खरं सांगू? मला बरं वाटलं. त्याने नाहीच म्हणावं, असं मी मनातल्या मनात घोकत होते.

कारण तुला ठाऊक आहे. की नाही ठाऊक? गरब्यात तुझी जोडी शेजारच्या गुजराती भाभीच्या पोरीशी. माझ्याच वयाची, पण अंगात ताल असा की बघत राहावं. माझं म्हणजे आनंदी आनंद. सगळ्या उजवीकडे वळल्या की मी डावीकडे. एकदा तू मला दंडाला धरून रिंगणाबाहेर काढलंस आणि म्हणालीस, "तू चपला संभाळ व." तेव्हापासून मी चपलांपाशी बसायचे, आणि तू तिच्या हातावर टाळी द्यायचीस. दर टाळीला माझ्या डोळ्यांत तिखट गेल्यासारखं व्हायचं. ती तुला 'मासी, मासी' करायची आणि तू हसायचीस. माझ्यासाठी तुझ्याकडे 'जेवलीस का' आणि 'अभ्यास कर' एवढंच उरलेलं असायचं.

पण त्या दिवशी डॉक्टरपुढे तू कुठली हटतेस! मला बाजूला सारलंस आणि सरळ आपल्या अहिराणीतच त्याला सुनावलंस, "कामना पाय रोज दुखतस. तेन्हासाठे मी कधी गोळी मांगाले उनी का? ते पोटनं दुखणं शे, ते मी काढसू. हाई मन्ही हौसनं शे. याले तरी दे!" डॉक्टरला किती कळलं देव जाणे, पण त्याने पेन उचललं. मला मात्र सगळं कळलं. आम्हा सगळ्यांच्या पोटासाठी काम करून जे दुखत होतं, त्याचं औषध तू कधीच मागितलं नव्हतंस. त्याने गोळ्या लिहून दिल्या, उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत म्हणाला, आणि नवरात्रात मध्ये एक दिवस घरी बसायचं, बसायचं म्हणजे बसायचं, असा दमही दिला.

तो एक दिवस मी माझा धरला होता. त्या संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडले. तू माझ्या केसांना तेल लावत होतीस. बाहेर लाऊडस्पीकर सुरू झाला आणि माझ्या डोक्याखाली तुझा गुडघा हलायला लागला. बोटं माझ्या केसांत, जीव मैदानात. मी थोडा वेळ सोसलं, मग ताडकन उठून ओरडले, "जाय मंग! कोणी धरी ठेवेल शे का तुले?" मला वाटलं, तू मला ओढून जवळ घेशील. तू उठलीस, गोळी तोंडात टाकलीस, तेलाचे हात पदराला पुसलेस आणि गेलीस. 'जाऊ का?' एवढं तरी विचारायचंस! मैदान समोरच होतं, मी दारात उभी राहून बघत होते. रिंगणात तुझा जो चेहरा होता, तो माझ्या निकालाच्या दिवशी नव्हता, माझ्या लग्नातही नव्हता.

पुढे कितीतरी वर्षं मी त्या पोरीचा राग केला. ती आता कडोदऱ्याला असते. भेटली की तुझी आठवण काढून डोळे पुसते, आणि मी कोरडेपणाने चहा विचारते. पण जळण्यासारखं तिच्यापाशी काही नव्हतंच, हे मला फार उशिरा उमगलं. माझी जळफळ तुझ्यावर आहे, माय. होणारं दुखणं आधीच कबूल करून, चारचौघींत हसं करून घेऊन, डॉक्टरशी भांडावं असं काहीतरी तुझ्यापाशी होतं. मीही माझ्यासाठी तसं काही शोधून पाहिलं. विणकाम केलं, भजनीमंडळात जाऊन बसले. जरा कंबर भरून आली की सोडून दिलं.

हे लिहिलेलं तुला पाठवायचं नाहीच, आणि पाठवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं. हा शेवटचा भाग वाचून तू हसली असतीस. नवरात्रात आमच्या सोसायटीच्या बाया दरवर्षी बोलवायला येतात, आणि मी दारातूनच सांगते, नको गं, माझे गुडघे दुखतात. त्या बिचाऱ्या हळहळतात. माय, माझे गुडघे दुखत नाहीत. कधीच दुखले नाहीत.