दुसऱ्या बाटलीतलं पाणी

अण्णा,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी नगरच्या कॉलेजातली ती प्रयोगशाळा आठवावी लागते. नव्वदच्या दशकातली, मागच्या बाजूची अरुंद खोली, माझ्या केसांत मुरलेला गंधकाचा वास. मी तिथे कॅडमियम सल्फाइडचे कण पाण्यात तयार करायची. ते इतके बारीक की पाणी पिवळं दिसे, पण गढूळ होत नसे. प्रत्येक कणावर एका आम्लाचं पातळ आवरण असे. आवरणाचा जोर आहे तोवर कण एकमेकांना दूर ठेवतात. तो सरला की चिकटतात, गोळा होऊन तळाशी बसतात, आणि पुढे कधीतरी आतलं विष पाण्यात उतरू लागतं. शुद्ध केलेल्या पाण्यात माझे कण टिकत होते. सर म्हणाले, "विहिरीच्या पाण्यात टिकतात का बघ." म्हणून मी तुम्हाला आपल्या वस्तीच्या विहिरीचं पाणी आणायला सांगितलं.

तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात. ती विहीर तुम्ही आणि वस्तीतल्या माणसांनी स्वतः खणली होती. कॅन दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलात. मी माझ्या पिवळ्या कणांच्या नळीत ते पाणी घातलं आणि मागे वर्तमानपत्राचा तुकडा धरला. पिवळ्यातून अक्षरं दिसत होती. मग पुसट झाली. मग दिसेचनात. तुम्ही नळी उचलायला हात पुढे केलात आणि मी ओरडले, "हात लावू नका!" आत विष होतं म्हणून ओरडले. तुम्ही हात मागे घेतलात, वर्षांच्या सरावानं.

"आपल्या पान्यानं नासलं व्हय?"

"नासलं नाही, अण्णा. पाणी जड आहे. त्यातल्या चुन्यानं कण चिकटले."

"काका, या पाण्यात डाळ शिजत नसेल तुमच्याकडे," सर म्हणाले.

"न्हाई शिजत. सोडा टाकावा लागतो."

सर हसले. तुम्ही हसला नाहीत. जिना उतरताना तुम्ही थांबलात. "पोरी, गावातल्या हिरीचं आनलं असतं, तर ऱ्हायलं असतं का साफ?" मी म्हटलं, खडक एकच आहे, तेही असंच होईल. पण ती विहीर ओढ्याकाठी आहे, झिरप्याचं पाणी हलकं असू शकतं, हे मला ठाऊक होतं. त्या विहिरीच्या काठावर आजी रिकामा हंडा घेऊन, कोणीतरी वरून ओतेल म्हणून उभी राहायची, हेही ठाऊक होतं. आमचं पाणी वेगळं, असं तिला ऐकवलं जायचं. आता तेच माझ्या नळीनं म्हटलं तर?

तुम्ही पुन्हा आलात ते न सांगता. पिशवीत काचेची बाटली.

"गावातल्या हिरीचं. मीच शेंदलं," तुम्ही म्हणालात. "कुनी काई म्हन्लं न्हाई. पर शेंदताना सारखं मागं बगत हुतो. या वयात."

सर नव्हते. दोन नळ्या घेतल्या, एकीत आपलं पाणी, दुसरीत त्यांचं. आपली लगेच दुधाळ झाली. दुसरी होईना. मागची अक्षरं दिसताहेत. तुम्ही स्टुलावर बसला आहात, हात मांडीखाली दाबून. मला माझ्या श्वासाचा आवाज येतो आहे. मीच घडवलेले कण, त्यांचं आवरण मीच चढवलेलं, ते टिकावं म्हणून रात्रंदिवस खपणारी मीच, आणि त्या खोलीत ते फुटावं म्हणून जीव मुठीत धरून उभी आहे.

"चहा घेऊन यायचा का?" मी विचारलं.

"न्हाई. बसू दे."

मग पहिली ओळ पुसट झाली. तुम्ही वाकलात, हात न लावता. खालच्या ओळीही गेल्या. थोड्या वेळानं तळाशी पिवळा गाळ दिसू लागला, आपल्यासारखाच.

"म्हंजी त्यांची बी डाळ शिजत नसंल," तुम्ही म्हणालात, आणि इतके हसलात की डोळे पुसावे लागले. घरी जाताना रिकामी बाटली मागितलीत. मी दिली नाही, तिला प्रयोगशाळेतलं विष लागलं असेल म्हणून. हात मात्र तुम्हाला साबणानं दोनदा धुवायला लावले.

अजून ग्लास भरला की मी तो आधी उजेडाकडे धरते. घरातले चिडवतात. काय बघते ते मलाही सांगता येत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी माझ्या कोटाच्या खिशात चुन्याच्या निवळीनं भरलेला ड्रॉपर होता. तुम्ही आलात तेव्हाच भरून ठेवला होता; चार थेंबांत दुसरी नळीही दुधाळ झाली असती. लागला नाही. पण तुम्ही दुसऱ्या नळीकडे बघत होतात, तेवढा वेळ माझा हात खिशातच होता.