माझी टिपणे, चारही यंत्रांवर

३ मार्च, मंगळवार
बायबल अभ्यासाचे सॉफ्टवेअर अखेर चारही ठिकाणी बसवले. ऑफिसचा विंडोज, लेकीचा मॅक, बायकोचा आयफोन, माझा अँड्रॉइड. अभ्यासगटाच्या अकराही जणांच्या फोनवर मीच घालून दिले. अठराला गटप्रमुखाची निवड आहे. दुसरे आहे कोण म्हणा! बायको म्हणाली, एवढ्या वेळात गळका नळ दुरुस्त झाला असता. मनाला थोडे लागले.
संकल्प : रोज एक वचन, त्याखाली एक खासगी टिपण. केवळ आत्मपरीक्षणासाठी.

४ मार्च
ऑफिसात माझा पासवर्ड चालेना. गटाच्या सामाईक खात्यातून आत शिरलो. तेवढ्यापुरते.

९ मार्च
आत्मपरीक्षण उत्तम. जिभेला लगाम घालण्याच्या वचनाखाली लिहिले : ऑर्गनवाल्या मावशी. आळशाच्या वचनाखाली : मेहुणा. लांबलचक प्रार्थनेच्या वचनाखाली : पाळकसाहेब. पाळक असले तरी सत्य ते सत्य. कटकट्या बायकोच्या वचनाखाली नाव नाही घातले. फक्त 'पाहा, मंगळवार'. आपण कठोर तर होत नाही ना? नाही.
कुसळ-मुसळाचे वचन रिकामे ठेवले. नीट लागू पडेल असे कोणी सापडेना.

१४ मार्च, दुपारी ४
फोनवर माझी टिपणे उघडली. वर लिहिलेले : अभ्यासगट, सदस्य ११.
चार तारखेपासून सगळी टिपणे गटाच्या खात्यातच लिहीत होतो!

दुपारी ४.२०
एकूण एक पुसली. देवाची दया.

संध्याकाळी ५
सगळी परत! लेक म्हणाली, बाबा, माझ्या मॅकवर जुनी प्रत आहे, तो उघडला की ती परत चढते. पुन्हा पुसली. पुन्हा आली.

१५ मार्च, रविवार
संपले. सगळ्यांनी वाचले आहे. मावशी अक्षर बोलल्या नाहीत. मेहुणा आपणहून खुर्च्या लावत होता. पाळकसाहेबांची प्रार्थना दोन मिनिटांत आटोपली! बायकोने चहा गोड केला. हे सगळ्यात भयंकर.

१७ मार्च
जेवण जात नाही. उपाय एकच : उद्या उभे राहून कबुली. आपल्या प्रामाणिकपणापुढे त्यांचा राग टिकणार नाही. कदाचित निवडही एकमताने होईल.

१८ मार्च, बुधवार
उभा राहिलो. सगळे सांगितले, कोणत्या वचनाखाली काय तेसुद्धा. मेहुणा म्हणाला, दाजी, ते ॲप आम्ही अजून उघडलंच नाही. पाळकसाहेबांचा रविवारी घसा बसला होता. मावशींची दाढ दुखत होती.
मग अकराही जणांनी फोन काढले. मावशी म्हणाल्या, माझा चष्मा कुणी पाहिला का, नाहीतर कुणीतरी मोठ्यानं वाचा रे. मेहुण्याने वाचले. आळशी माणूस, पण एक ओळ गाळली नाही.
गटप्रमुख : मेहुणा. एकमताने.

१९ मार्च
कुसळ-मुसळाचे वचन आता रिकामे नाही. त्याखाली अकरा टिपणे. पाळकसाहेबांचे : 'पुढच्या बुधवारी यावर आपण बोलावे. थोडक्यात.' सगळ्यात वरचे बायकोचे : 'पाहा, मंगळवार. बुधवार. गुरुवार.'
अकराही पुसली.
लेकीने मॅक उघडला.