मेन आणि रिझर्व

आप्पा, मी गाडी घेतली. विजेवर चालणारी. तुमच्या पंपावरचा एक थेंब तिला लागत नाही, आणि घेण्याचं पहिलं कारण तेच होतं. बाकीची कारणं मी शोरूममधल्या मुलाला सांगितली. धूर नाही, गिअर नाहीत, या वयात क्लच दाबत बसायला नको. त्याने मान डोलावली आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "मॅडम, तसलीच पेट्रोलची गाडी पाच लाखानं स्वस्त पडती. तुमचं रनिंग किती?" मी म्हटलं, मंडई, बँक आणि महिन्यातून एकदा निपाणी. "मग वसूल व्हायला लई वर्षं लागतील बघा. खरं सांगतोय." प्रामाणिक होता बिचारा. मी जन्मभर कॉलेजात अकाउंटन्सी शिकवली आहे, त्याचा हिशोब बरोबर आहे हे मला तो मांडायच्या आधीच ठाऊक होतं. मी म्हटलं, "माझी वसुली निपाणीच्या रस्त्यावर आहे." त्याला वाटलं, मी एखाद्या पतसंस्थेत असेन. निवृत्तीचे निम्मे पैसे त्या गाडीत गेले. तुमच्या जावयांनी सही करताना एकदा माझ्याकडे पाहिलं. या बाबतीत मला काही सांगून उपयोग नसतो हे त्यांना लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं.

तुम्हाला आठवतं का, की मेल्यावर माणसाला हे सगळं विसरायची मुभा असते? मी बी.कॉम. होऊन बेळगावहून घरी आले त्याच पावसाळ्यात तुमचा डावा हात आणि पाय गेला. धाकटा भाऊ तेव्हा गोव्यात मित्राबरोबर हॉटेल काढत होता, म्हणजे मित्राच्या हॉटेलात जेवत होता. तवंदी घाटाच्या पायथ्याचा पंप बंद ठेवला तर कंपनी डीलरशिप काढून घेईल, असं तुम्ही वाकड्या तोंडाने आईला सांगितलंत. माझ्याकडे बघितलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पंपावर गेले. कुणी पाठवलं नाही, कुणी अडवलंही नाही.

सकाळ आहे. मी डीपची पितळी काठी जमिनीतल्या टाकीत सोडते, वर ओढते, कुठवर ओली झाली ते बघते. काठीच्या टोकाला लावलेल्या पेस्टचा रंग बदलला नाही, म्हणजे टाकीत पाणी नाही. ट्रकवाले आधी केबिनकडे बघून विचारतात, "मालक न्हाईत काय?" नंतर विचारत नाहीत. नंतर "आक्का, फुल करा" एवढंच. करंट गेलं की पंप थांबतो, कारण पेट्रोल वर खेचायलाही वीज लागते, आणि मग बाजूचं हँडल हाताने फिरवावं लागतं. रांग मोठी असली की पोरं दमतात. मी पदर खोचते आणि हँडल मारते. साडीला डिझेलचा वास येतो म्हणून आई माझ्या साड्या वेगळ्या भिजवते. एका लग्नात एक बाई माझ्याशेजारून उठून दुसरीकडे बसल्या, तेही आठवतं. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मी तेव्हा फार सुखात होते, आप्पा. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

दोन वर्षांनी गोव्याचं हॉटेल बुडालं आणि धाकटा नवा शर्ट घालून परत आला. तुम्ही तोवर काठी टेकत चालू लागला होतात. त्या दिवशी टँकर खाली होत होता. मी कागद तपासत होते, टँकरचा ड्रायव्हर शेजारी उभा होता. तुम्ही केबिनच्या किल्ल्या माझ्या हातातून घेतल्यात आणि धाकट्याच्या हातात दिल्यात. मी म्हटलं, "आप्पा, दोघंबी बघू की." तुम्ही हसलात. तुमच्या स्कूटरला सीटखाली एक नळी होती, मेनची टाकी संपली की तिची चावी रिझर्ववर फिरवायची. तशी हवेत दोन बोटं फिरवून तुम्ही म्हणालात, "मेन आलं न्हवं आता? मग रिझर्व बंद. रिझर्ववर लई दिस गाडी चालवायची नसती पोरी." ड्रायव्हर मोठ्याने हसला. धाकटाही हसला, त्याला कळलं नव्हतं तरी. मी टँकरचे कागद पूर्ण तपासले, खाली सही केली आणि चालत घरी आले. ती माझी पंपावरची शेवटची सही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बेळगावचं स्थळ, नोकरी, मग तुमचं जाणं. तेव्हापासून पंप धाकट्याचा. मी कधी वाटणी मागितली नाही. मागितली असती तर तुम्ही वरून म्हणाला असतात, बघा, शेवटी पैशासाठीच होतं.

गाडी आली तेव्हा पहिल्यांदा मी ती निपाणीलाच नेली. तवंदीचा घाट उतरताना एक गंमत होते, ती तुम्हाला ऐकवायलाच हवी. तुमच्या काळी ट्रकवाले डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकायचे आणि तुम्ही त्यांना शिव्या द्यायचात. ही गाडी उतारावर स्वतःच भरून घेते. पाय उचलला की चाकंच वीज करतात. घाटमाथ्यावर जेवढी टक्केवारी होती त्याहून जास्त घेऊन मी तुमच्या पंपासमोर आले. परत येताना पंप रस्त्याच्या माझ्याच बाजूला होता. गाडी हळू केली, काच खाली केली आणि हॉर्न दाबून ठेवला. केबिनच्या दारातून हार घातलेला तुमचा फोटो दिसतो रस्त्यावरून. त्यानंतर दर महिन्याला मी हेच केलं. कधी थांबले नाही. पंपावरच्या पोरांना वाटत असेल, म्हातारी सरकली.

आता ही गाडी कंपनी सांगते तेवढी जात नाही, हेही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल झाकते आहे. कागदावर एका चार्जला साडेचारशे किलोमीटर आहेत. एसी लावला, माणसं भरली आणि हायवेला शंभरचा वेग धरला की तीनशेही धड येत नाहीत. शिवाय बॅटरीला बरं म्हणून रोज ऐंशी टक्क्यांवरच थांबायचं. तुमचे जावई शेजारी बसून आकडा असा वाचतात, जसा तापाच्या पोराचा थर्मामीटर. "एकसष्ट झाले. एसी बंद करायचा काय?" मी म्हणते, घाम पुसा.

गेल्या महिन्यात त्यांचे डोळे दाखवायला कोल्हापूरला गेलो होतो. जाऊबाई आणि त्यांची सूनही बरोबर होत्या. परतताना निपाणीत पोचलो तेव्हा एकवीस टक्के उरले होते. बेळगाव गाठणं शक्य नव्हतं. तिथल्या हॉटेलातला चार्जर बंद. वॉचमन म्हणाला, "सर्व्हर इल्ल री, नाळे बर्री." सर्व्हर नाही, उद्या या म्हणे. जाऊबाई म्हणाल्या, "मग काय, ढकलायची काय आता?" मी गाडी काढली आणि पुढे जाऊन तुमच्या पंपात वळवली.

धाकटा बाहेर आला. दोन्ही गुडघे धरून चालतो आता, तुमच्यासारखाच डुलत. "आक्का! पेट्रोल पंपावर करंट मागाय आलीस व्हय गं?" आणि हसला. मी म्हटलं, "तुझं पेट्रोलबी करंटवरच येतंय. करंट गेलं की हँडल कोण मारायचं, इसरलास?" केबिनच्या मागच्या बाजूला, टाक्यांपासून लांब गाडी लावली. जाड पिनेचं सॉकेट एकच होतं आणि त्यात लावलेल्या बोर्डवर तुमच्या फोटोचा लाल बल्ब. धाकट्याने बोर्ड उपसला आणि माझी केबल लावली. तुमच्या तोंडावरचा लाल उजेड गेला. मला आत कुठेतरी थंड वाटलं, आणि ते लपवायचं मला कारण नाही.

बेळगावपुरती गाडी भरेपर्यंत, दोन-तीन तास, मी तुमच्या खुर्चीत बसले. ती त्यानेच पुढे केली. चहा आला. मग तो समोरच्या बाकावर टेकला आणि म्हणाला, "आक्का, दोन्ही गुडघ्यांचं आप्रेशन सांगितलंय. पोरगा बेंगळूर सोडून काय येत न्हाय. दोन-तीन म्हैने पंप बघशील काय? तुला समदं येतंय." मी विचारलं, "माझंच नाव कसं सुचलं?" तो अगदी मायेने म्हणाला, "आप्पा म्हणायचे न्हवं का, रिझर्व हाय तवर काळजी न्हाय म्हणून."

म्हणजे तुम्ही ते पुढेही म्हणत राहिलात. आणि त्याला ते कौतुक वाटत आलं.

मी कप खाली ठेवला. "ह्या नव्या गाड्यांस्नी रिझर्वची टाकी नसती रं," मी म्हटलं. "मेन संपलं की संपलं."

"आँ?"

"तू मेन हैस न्हवं? मग चालीव."

हळूहळू त्याला सगळं कळलं. त्याचा चेहरा उतरताना मी पूर्ण बघितला, मान वळवली नाही. हा चेहरा मला तुमच्यावर बघायचा होता. तुम्ही नाहीत, म्हणून त्याच्यावर बघितला. केबल काढली तेव्हा बल्बचा बोर्ड परत लावायला मी सांगितलं नाही, आणि त्यानेही लावला नाही.

घाट चढून वर आल्यावर तुमचे जावई म्हणाले, "एवढं बोलायची गरज होती काय?" मी म्हटलं, होती. अजूनही तेच म्हणेन. पंप त्याने विकावा नाहीतर बंद पाडावा, मी त्या केबिनची किल्ली हातात घेणार नाही.

हे पत्र गाडीच्या कप्प्यात, कंपनीच्या माहितीपुस्तकाखाली ठेवते आहे. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. फक्त एक गोष्ट राहिली. हॉटेलातून निघताना तुमच्या जावयांनी फोन माझ्यापुढे धरला होता. संकेश्वरचा चार्जर चालू होता, नकाशात हिरवा दिसत होता, आणि घाट चढून संकेश्वर गाठायला एकवीस टक्के पुरून उरले असते. मी त्यांना म्हटलं, एवढ्यावर मला घाटाची खात्री नाही.

खात्री होती, आप्पा.