न धुतलेली साडी

डोंबिवली, ४ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
देवयानीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला तुम्ही नाही म्हणता, म्हणून हे पत्र तुमच्या जावयाच्या हाती पाठवतेय. संदेशचं ऑफिस ठाण्यातच, तो ने-आण करील. बाथरूममध्ये पडून दोन तास तसेच होतात. शांताबाई कामाला आल्या म्हणून कळलं. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. आता कोपरीत एकट्यानं राहायचं नाही, इकडे आमच्याकडे यायचं.

बकुळेशिवाय येणार नाही म्हणालात. आईची मांजर, तिच्यामागे तुमची तेवढीच सोबत, मला कळतं. पण एक लपवलं होतं. आमच्या कुत्र्यानं, बंड्यानं, मार्चमध्ये पार्किंगमधल्या मांजरीला मानेशी धरलं होतं. ती वाचली, पण तिचं ओरडणं माझ्या कानातून जात नाही. प्राण्यांचे डॉक्टर म्हणतात, आधी एकमेकांची फडकी बदलायची, मग महिनाभर वेगळ्या खोल्या. सोबत बंड्याचं फडकं आहे. बकुळेच्या ताटलीखाली घाला आणि तिच्या अंगाखालचं इकडे पाठवा.

औषधं चुकवू नका, माझ्यावर रागावू नका.
तुमची देवयानी

कोपरी, ७ ऑगस्ट

चि. देवयानीस अनेक आशीर्वाद.

फडकं मिळालं. काय गं ते, शी! तुझ्या आईनं असलं उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. गरम पाण्यात सोडा घालून भिजवलं, पंख्याखाली वाळवलं, इस्त्री केली. बकुळा लगेच त्यावर जाऊन बसली. तुमच्या डॉक्टरांची युक्ती नामी आहे. तिचंही फडकं स्वच्छ धुऊन पाठवतोय. आपल्या घरून मळकं काही जायला नको. रविवारी तिला टोपलीत घालून येतो.

संदेशरावांना आशीर्वाद.
तुझे बाबा

डोंबिवली, ८ ऑगस्ट

ती. बाबांस सा. न.

घाईत लिहितेय. रविवारी येऊ नका. अहो, सगळी युक्ती वासाचीच होती! बकुळेनं तुमच्या सोड्याशी मैत्री केली. इकडे काल खिडकीबाहेर कुठलीशी मांजर ओरडली, तर बंड्यानं गॅलरीच्या दारावर अशी धडक मारली की कडी निखळली. मला त्या मांजरीच्या जागी बकुळा दिसली. तिला काही झालं तर तुम्ही इथे एक दिवस राहणार नाही. पुन्हा तिथेच, एकटे, आणि पुन्हा पडलात तर? पुढचं लिहवत नाही.

बकुळा रोज ज्यावर झोपते तेच पाठवा, न धुता. बंड्याचं दुसरं फडकं देतेय. हात जोडते, पाण्यात घालू नका.

लोभ आहेच, तो या फडक्यावरही करा.
देवयानी

कोपरी, १४ ऑगस्ट

चि. देवयानीस आशीर्वाद.

या वेळी धुतलं नाही. फडकं पाहताच बकुळा फुगली आणि पिंपामागे जाऊन बसली, ती दीड दिवस बाहेर आली नाही. मी जमिनीवर बसून हाका मारत होतो. उपाशी मरते की काय, असं वाटलं. मग आपणहून आली, फडकं हुंगलं आणि शेजारी बसून दूध प्यायली.

ती झोपते तुझ्या आईच्या निळ्या साडीवर. शेवटची नेसलेली. घरातलं सगळं मी धुतो, हे तू जाणतेस. ही दोन वर्षांत पाण्यात घातली नाही. पण स्वतः कधी हुंगूनही पाहिली नाही. वास गेला असला तर, या भीतीनं. पिशवीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. कुत्र्यापुढे टाकायची म्हणजे जिवावर येतं. पण ते दोन तास मीही विसरलेलो नाही, पोरी.

सांभाळून वापर.
तुझे बाबा

डोंबिवली, १८ ऑगस्ट

ती. बाबांस सा. न.

बंड्याला साडीचं एकच टोक दिलं, बकुळेचे केस चिकटलेलं. पहिल्या दिवशी तो गुरगुरला. मी साखळी हाताला गुंडाळून उभी होते, वळ उठलाय. काल मात्र त्या टोकाशेजारीच जेवला. डॉक्टर म्हणतात, आणायला हरकत नाही. तुमच्या खोलीला जाळीचं दार केलंय, वर एक कडी, खाली एक. तरी मला भीती वाटते, आणि महिनाभर वाटणारच. रविवारी संदेश गाडी घेऊन येईल. टोपली मांडीवरच ठेवा.

आणखी एक. पिशवीची गाठ सोडली, तेव्हा बंड्याला बाहेर ठेवून मी दार लावून घेतलं होतं. पदरात तोंड खुपसलं. आधी नुसता मांजरीचा वास आला. मग त्याच्याखाली आईच्या केसांचं माक्याचं तेल.

आहे, बाबा. अजून आहे. या आणि स्वतः बघा.

तुमची वाट पाहणारी,
देवयानी